बाळ पाहिले, बाळंतिणीला विचारले काय?

(संस्थेच्या वार्षिक महिला मेळाव्यात आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



आजचा विषय आहे गरोदरपणातील व बाळंतपणानंतरची दुखणी. हा विषय बायकांचा, तेव्हा पुरुष मंडळींनी बाहेर चहा घेतला तरी चालेल असे कोणास वाटत असेल, तर त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की आज त्यांनी जागेवरून उठू नये. आज जे सांगायचे आहे त्यातले निम्मे त्यांच्यासाठीच आहे.

सुरुवातीला आमचीच एक चूक आपणांसमोर मांडतो. नाव-गाव सांगत नाही. चाकणच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांच्या एका चाळीत मराठवाड्यातून आलेले एक जोडपे राहत होते. नवरा कंपनीत कंत्राटी कामगार, आज फर्स्ट शिफ्ट तर उद्या नाईट. पहिलेच बाळंतपण. गावाकडे आई आजारी म्हणून मुलगी माहेरी गेली नाही. तिच्या डोहाळजेवणाला आपल्या भगिनी गेल्या होत्या. ती सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी घरी आली. बाराव्या दिवशी नामकरण झाले. तेव्हाही आम्ही सर्व गेलो. बाळाला अंगडे-टोपडे नेले, पाळण्याभोवती गर्दी केली, नाक कोणासारखे आणि रंग कोणासारखा यावर चर्चा केली. बाळंतीण भिंतीला टेकून बसली होती. अंगावर शाल होती आणि उन्हाळ्याचे दिवस होते. कोणीतरी विचारले, तेव्हा म्हणाली, "थोडी कणकण आहे." एक वयस्कर बाई म्हणाल्या, "दुधाचा ताप असतो, उतरेल." आम्ही चहा घेतला आणि निघालो. तो ताप दुधाचा नव्हता. पिशवीत जंतुसंसर्ग झाला होता. अंगावरून जाण्याला घाण वास येत होता, पण परक्या बायांना सांगायचे कसे म्हणून ती गप्प राहिली. चौदाव्या दिवशी तिला दवाखान्यात नेले, तेव्हा विष सर्व रक्तात पसरले होते. डॉक्टरांनी शर्थ केली. ती वाचली नाही.

बंधू-भगिनींनो, त्या दिवशी त्या खोलीत आम्ही पंधरा-वीस माणसे होतो. त्यांत शिकलेली होती, नोकरी करणारी होती, दोघी तर आरोग्याच्या कामाशी संबंधित होत्या. सर्वांनी बाळ पाहिले. बाळंतिणीच्या कपाळाला हात कोणी लावला नाही. ही चूक दवाखान्याची नव्हती, सरकारचीही नव्हती. ती आमची होती. म्हणून आजच्या भाषणाला आम्ही हेच नाव दिले आहे.

आपल्या भाषेत बाळंतपण झाले की "बाई मोकळी झाली", "सुटली" असे म्हणतात. शब्द किती सुंदर आहे! पण या शब्दाने आपली फसगत होते. बाळ हाती आले म्हणजे धोका संपला असे आपण धरून चालतो. वैद्यकशास्त्र तसे मानत नाही. मातामृत्यूची मोजदाद करताना गरोदरपणातले, प्रसूतीच्या वेळचे आणि प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांतले मृत्यू धरले जातात. आपल्या जुन्या बायका सव्वा महिना म्हणत, तो जवळजवळ हाच काळ. ओली बाळंतीण जपावी हे त्यांना कळत होते. पण जपणे म्हणजे खोलीत बंद करून शेक-धुरी देणे, एवढाच अर्थ आपण धरला. विचारपूस करायचे राहून गेले.

हे आम्ही मनाने सांगत नाही. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेमार्फत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये खेड्यांतील ७७२ स्त्रियांची घरोघरी जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के स्त्रियांना त्रास झाला होता. प्रसूतीनंतरच्या दिवसांत मात्र ४२.९ टक्के स्त्रियांना काही ना काही दुखणे झाले. कोणाच्या छातीत गाठी, कोणाला उशिरा सुरू झालेला रक्तस्राव, कोणाला पिशवीचा जंतुसंसर्ग, कोणाला झोपच नाही. ती बाळंतपणे बहुतेक घरी झालेली होती. आज परिस्थिती बदलली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रात ३३. ही प्रगती मोठी आहे, तिचा अभिमान बाळगावा. परंतु दवाखान्यातून बाई दोन-तीन दिवसांत घरी येते. पुढचे चाळीस दिवस ती आपल्याच ताब्यात असते. तेथे आपण काय करतो, हा प्रश्न आहे.

आता गरोदरपणापासून क्रमाने पाहू. विद्यार्थ्यांनी हे लिहून घेतले तरी चालेल.

पहिले दुखणे रक्त कमी असण्याचे. वर सांगितलेल्या पाहणीत महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे दोघींत जवळजवळ एक. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या वर असावे, ७ च्या खाली गेले तर प्रकरण गंभीर. रक्त कमी असलेल्या बाईला दम लागतो, पाय ओढतात, चक्कर येते, आणि आपण म्हणतो, "दिवसच असे आहेत." पुढे बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी तिला ते सोसत नाही. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ही दुसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये. शौचास काळे होते म्हणून घाबरून गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत.

दुसरे दुखणे रक्तदाबाचे. पाचव्या महिन्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो. १४० वर ९० किंवा त्याहून अधिक आला, तोंडावर व हातावर सूज आली, डोके फार दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. पुढची पायरी झटक्यांची असते. झटके आले की आपल्या वस्तीत अजूनही कोणी लिंबू उतरवतो, कोणी देवऋषी आणतो. बाबासाहेबांच्या अनुयायांच्या घरात हे घडावे यासारखी शरमेची गोष्ट नाही. ही बाधा नाही. यावर मॅग्नेशियम सल्फेट हे इंजेक्शन आहे आणि ते दवाखान्यात मिळते. आणखी लक्षात ठेवा, हे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात. पुष्कळदा पहिल्या काही दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा. म्हणून ओल्या बाळंतिणीने डोके दुखते म्हटले, तर "जागरणाने दुखत असेल" असे म्हणून सोडून देऊ नका, आधी रक्तदाब तपासा.

तिसरे साखरेचे. काहींना गरोदरपणातच मधुमेह होतो. त्याचे वेगळे लक्षण दिसत नाही, तपासणीनेच कळते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार सुरू करावे लागतात. बाळंतपणानंतर ती बहुधा उतरते आणि घरचे ते विसरतात. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका अधिक असतो. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि पुढेही करीत राहावी.

आता बाळंतपणानंतरच्या दुखण्यांकडे येऊ.

पहिला शत्रू रक्तस्राव. बाळंतपणानंतर अंगावरून जाते, हे खरे. दिवसेंदिवस ते कमी आणि फिके होत जाते. परंतु तासाभरात एक पूर्ण घडी किंवा पॅड भिजत असेल, गाठी पडत असतील, कमी झालेले एकदम पुन्हा वाढले असेल, तर "साचलेली घाण जाते, जाऊ द्या" असे म्हणू नका. ती घाण नाही, ते आईचे रक्त आहे. वारेचा तुकडा आत राहिला तर दहाव्या-बाराव्या दिवशीही रक्त सुरू होते. अशा वेळी थांबायला वेळ नसतो.

दुसरा शत्रू जंतुसंसर्ग. थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणे, जाण्याला घाण वास, सिझरच्या टाक्यांतून पू. यांतले एक लक्षण दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना. छातीत दूध दाटून थोडी कणकण येऊ शकते, छातीत लाल गरम गाठ होऊन तापही येतो. पण तो कोणता ताप हे आपण अंगणात बसून ठरवायचे नाही, ते डॉक्टर ठरवतील.

येथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या मोठमोठ्या इस्पितळांत बाळंतिणी याच तापाने मरत. १८४७ साली व्हिएन्ना शहरात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर त्याच हातांनी बाळंतिणीला तपासतात. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. मोठ्या लोकांनी त्यांची टिंगल केली, पण सत्य त्यांच्या बाजूला होते. पुढे विसाव्या शतकात सल्फाची औषधे आली, मग पेनिसिलिन आले, आणि बाळंतज्वराची दहशत संपली. आणि हे पेनिसिलिन आपल्या देशात सरकारी कारखान्यात प्रथम कोठे तयार झाले? दूर कोठे नाही, आपल्या पिंपरीत! १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची त्याला मदत होती. ज्यांचे वडील, आजोबा त्या कारखान्यात राबले अशी मंडळी या सभेत असतील. ज्या गावाने देशाला पेनिसिलिन दिले, त्याच्या शेजारच्या चाळीत एक बाळंतीण तापाने जाते, कारण तिच्या कपाळाला कोणी हात लावीत नाही! औषध असणे आणि औषध वेळेवर पोहोचणे यांत माणूस उभा असावा लागतो.

आणखी काही लक्षणे सांगून पुढे जातो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा एकाएकी दम लागून छातीत दुखले, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. लघवीची आग होणे किंवा नकळत लघवी होणे हे लाजेचे नाही, उपचाराचे कारण आहे. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची जी चाल आहे, ती सोडून द्यावी. पाणी कमी पडले की दूध कमी येते, बद्धकोष्ठ होते, लघवीचा त्रास वाढतो. डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर द्या, पण त्याबरोबर डाळ, पालेभाजी, अंडी आणि पोटभर पाणीही द्या.

आणि एक दुखणे दिसत नाही, ते मनाचे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे उलटूनही बाई उदास असेल, बाळाकडे पाहत नसेल, झोप-जेवण सुटले असेल, "मी गेले तर बरे" असे बोलत असेल, तर ते नखरे नाहीत आणि वेडही नाही, तो आजार आहे. भारतातील अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २२ टक्के मातांमध्ये हे नैराश्य आढळले होते. आपल्या पट्ट्यात याला आणखी एक कारण जोडले जाते. गावाकडे सासू होती, जाऊ होती, शेजारची आजी होती. येथे दहा बाय दहाची खोली, नवरा बारा तास कंपनीत, शेजारच्या खोलीची भाषा वेगळी. त्यात मुलगी झाली आणि फोनवरून टोमणे आले, तर त्या पोरीने कोणाकडे पाहावे? यासाठी सरकारचा 'टेलिमानस' हा १४४१६ क्रमांक आहे. पण फोनच्या आधी शेजारीण हवी.

आता आपल्या भागाची एक खास अडचण सांगतो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते. तपासण्या भोसरीला किंवा चाकणला झालेल्या, बाळंतपण लातूर-बीड-वाशीमकडे. रक्तदाब वाढला होता की नाही, रक्तगट कोणता, सोनोग्राफीत काय आले, हे सर्व कागद येथे पेटीत आणि बाई तिकडे टेबलावर. पुन्हा दोन महिन्यांनी ती बाळ घेऊन येथे येते, तेव्हा तिकडचे कागद तिकडे. आशाताईने बाळ-बाळंतिणीच्या भेटी घ्यायच्या असतात, दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पण जिचे नाव ना गावच्या यादीत ना येथल्या, तिच्या दारी कोणती आशाताई जाईल? म्हणून आमचे सांगणे असे की माता-बाल संरक्षण कार्ड बाईच्या पर्समध्ये असावे, पेटीत नसावे. त्याचे फोटो नवऱ्याच्या आणि तिच्या भावाच्या मोबाईलमध्ये असावेत. आणि खोली बदलली की त्याच आठवड्यात जवळच्या अंगणवाडीत किंवा दवाखान्यात नाव घालावे.

हक्कांविषयी थोडक्यात बोलतो. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९६१ साली देशाचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. आता सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच तरतूद आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असले की हा हक्क मिळतो. गर्भपात झाला तर सहा आठवडे रजा आहे. ठेकेदार "उद्यापासून येऊ नको" म्हणाला तर ते बेकायदेशीर आहे. ई.एस.आय.चे पैसे पगारातून कापले जातात, पण पुष्कळांजवळ कार्ड नसते. ते मागून घ्या. विमाधारक कामगाराच्या पत्नीलाही ई.एस.आय.च्या दवाखान्यात बाळंतपणाचे उपचार मिळतात. चिंचवडला मोहननगरात ई.एस.आय. रुग्णालय आहे, संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत असावी, अशी योजना २०११ पासून आहे. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी असते. तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. हा आकडा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला तरी चालेल.

शेवटी कामाचे सांगतो. त्या घटनेनंतर आमच्या समितीने एक साधी वही केली आहे. कोणत्या चाळीत कोण गरोदर आहे, दिवस कधी भरतात, माहेरी जाणार की येथेच राहणार, रात्री नेण्यासाठी गाडी कोणाची, हे त्यात लिहितो. प्रत्येक गल्लीत दोन भगिनींनी बाळंतिणीची बेचाळीस दिवस विचारपूस करायची ठरवले आहे. त्या डॉक्टर नाहीत, औषध देत नाहीत. त्या फक्त पाच गोष्टी विचारतात: ताप आहे का, अंगावरून किती जाते व वास येतो का, डोके दुखते का, दम लागतो का, आणि मन बरे आहे का. हे विचारताना पुरुषांना व सासूला थोडे बाहेर बसवतात, कारण सर्वांसमोर खरे उत्तर मिळत नाही. उत्तरात खोट दिसली की त्याच पावली दवाखाना.

बंधूंनो, तुमच्याकडे दोनच मागण्या आहेत. पहिली, बायको "बरे वाटत नाही" म्हणाली तर ओव्हरटाइम सोडा. तो पैसा पुन्हा मिळेल. दुसरी, रक्तदान करा, कारण बाळंतपणात लागणारे रक्त कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. आणि भगिनींनो, तुमच्याकडे एकच मागणे: अंगावर काढू नका. सोसण्याला आपल्या समाजात फार मान आहे. पण सोसून गेलेल्या आईची मुलगी आज आजीच्या हाताने दूध पिते आहे. तिला त्या मानाचा काय उपयोग?

यापुढे नामकरणाला जाल तेव्हा बाळासाठी अंगडे-टोपडे जरूर न्या. परंतु पाळण्याकडे वळण्याआधी बाळंतिणीजवळ बसा, तिच्या कपाळाला हात लावा आणि विचारा, "बाई, तू कशी आहेस?" एवढे केलेत तरी आजचे आमचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.